नववा प्रश्न बाहेर विचारायचा

माझ्या साडूला अजून वाटतं की मी उंदरांवर काम करत होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं मी एका संशोधन प्रकल्पात होतो, एवढंच त्याच्या कानावर गेलेलं. संशोधन म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि पिंजरा. लग्नाकार्यात भेटला की विचारणार, "काय, यंदा किती उंदीर?" मी सांगायचो, बाबा, एकही नाही, आम्ही माणसांच्या घरी जाऊन प्रश्न विचारतो. त्यावर एकदा तो म्हणाला, प्रश्न विचारायचा पगार मिळतो होय, आमची ही तर तीस वर्षं फुकटात विचारते आहे.

मूळचा मी आरोग्य सेवक. तापाच्या रुग्णांचं रक्त काचेवर घ्यायचं, विहिरीत पावडर टाकायची, पोलिओच्या वेळी दारांवर खडूने खुणा करायच्या, असली कामं करण्यात उमर गेली. मग एका मोठ्या संस्थेने आपल्या बीड जिल्ह्यात मनाच्या आजाराचा अभ्यास काढला आणि मुलाखती घ्यायला खेडी पाठ असलेली माणसं मागितली. आमच्या साहेबांनी माझं नाव दिलं. का दिलं ते मला माहीत आहे. मी बैठकांत फार बोलायचो.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून अभ्यास काय होता ते सांगतो. काही गावं निवडली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग केले. अर्ध्या गावांत एक शिकवून तयार केलेली बाई आठवड्याला जायची आणि खचलेल्या माणसांशी बोलत बसायची. उरलेल्या अर्ध्या गावांत आम्ही फक्त प्रश्न विचारायचे आणि उठून यायचं. वर्षाने दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे, बोलण्याने खरंच फरक पडतो का. अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं पाणी, असा तो प्रकार. माझ्या वाट्याला पाण्याची गावं आली.

प्रश्न नऊ. झोप लागते का, अन्न गोड लागतं का, कशात मन रमतं का, असे. प्रत्येक माणसाकडे वर्षात चार वेळा जायचं, ठरल्या तारखेला. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. मान डोलवायची नाही, च्च च्च करायचं नाही, धीर द्यायचा नाही, कारण धीर दिला की आकडा बदलतो. आणि मुलाखत घराच्या आत घ्यायची, दार लोटून, म्हणजे शेजारीपाजारी ऐकणार नाहीत. नववा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. मरून गेलेलं बरं, असं तुमच्या मनात येतं का? त्याला 'हो' आलं तर मात्र सगळे नियम बाजूला ठेवून लाल फॉर्म भरायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मग गाव पाण्याचं असो की औषधाचं.

उत्तरंही छापील होती. कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याने मला विचारलं, निम्म्याहून अधिक म्हंजी नेमकं किती वो, सायेब? मी त्याच्या पुढ्यातली भाकरी उचलली. म्हटलं, बाबा, काहीच नाही, का चतकोर, का अर्धी, का अख्खी? "अर्धी," तो लगेच म्हणाला. तेव्हापासून मी खिशात पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून ठेवल्या. संस्थेच्या पुण्याच्या मॅडम तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी त्या पाहिल्या. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि सगळ्या मुलाखतकारांना तशाच कापायला लावल्या. माझ्या सगळ्या नोकरीत माझं म्हणून काही राहिलं असेल तर त्या पुठ्ठ्याच्या भाकऱ्या.

पण संशोधन शेवटी शहरात आखलेलं. दुसरी फेरी नेमकी दसऱ्यानंतर आली. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला कारखान्यावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण वेळापत्रक करणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही. मी दारोदार हिंडून फॉर्मवर 'कुलूप' लिहीत सुटलो. मॅडमचा फोन आला, तुमच्याच गावांत एवढी कुलपं कशी? मी म्हटलं, मॅडम, माणसं ऊस तोडायला गेलीत, दुःखाचा आकडा त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेला.

कुलपं नसायची ती घरं म्हाताऱ्यांची. डोंगराच्या अंगाला एका वस्तीवर गयाबाई राहायची. साठी उलटलेली, काटक, चार शेळ्यांची मालकीण. लेक, सून आणि नातू कारखान्यावर, ही एकटी. गयाबाईचे नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य. झोप? लागती की. अन्न? गोड लागतं. मन? रमतंय शेळ्यांत. नववा प्रश्न वाचला की ती घाईने म्हणायची, "न्हाई बाई, न्हाई." दहा मिनिटांत फॉर्म पुरा. कागदावर बघायला गेलं तर त्या सगळ्या वस्तीत तिच्याइतकं सुखी कुणी नव्हतं. मला ती आवडायची. दिवसभर कुलपं लिहून आल्यावर एक फॉर्म सुरळीत भरला गेला की कुणालाही बरं वाटतं.

एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, नारायणगडाला दर यात्रेला जायची, दोन वर्षं झाली, गेले न्हाई. मी विचारलं, का? म्हणाली, "कुणासंगं जावं, आन् आल्यावर सांगावं कुणाला?" फॉर्ममध्ये यात्रेचा रकाना नव्हता. मी पेनाला टोपण लावलं. निघताना ती दर वेळी एकच विचारायची, "पुन्ना कधी येणार, दादा?" मी तारीख सांगायचो. तारीख सांगायला नियमाची हरकत नव्हती.

हमीदभाईची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. रस्त्यावरच्या एका गावात ते मोटारी दुरुस्त करायचे, पाण्याच्याही आणि फटफट्यांच्याही. बायको वर्षापूर्वी गेलेली, मुलगी सासरी. घरात, दार लोटून, मी नऊ प्रश्न विचारले. आठांना त्यांनी चतकोर, अर्धी असं काहीबाही दाखवलं, नवव्याला मान हलवून नाही म्हटलं. मी निघालो तर माझी गाडी सुरू होईना. हमीदभाई पाना घेऊन बाहेर आले, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, प्लग काढून फडक्याने पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "साब, वो आखरी का सवाल फिर से पूछो."

मी विचारला. त्यांनी हात पुसले आणि माझ्या खिशातली अख्खी भाकरी काढून माझ्या हातात दिली.

म्हटलं, हमीदभाई, मग आत 'नाही' का म्हणालात? ते म्हणाले, "घर में ऐसी बात नै बोलते, साब. फरिश्ते आमीन बोल देते." लाल फॉर्म मी तिथेच, गाडीच्या सीटवर भरला. हमीदभाईंवर वेळेत उपचार झाले. अजून दुकानात बसतात आणि मला बघितलं की गाडीचा आवाज ऐकून शिव्या घालतात. ती गाडी विकायची माझी हिंमत झाली नाही.

पण त्या दिवशी परतताना रस्त्यावर मला एकदम आईची आठवण झाली. मी लहानपणी रागाने 'मरतो एकदाचा' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात अभद्र बोलू नये. हे ऐकत मी वाढलो होतो, माझ्या बायकोनेही मुलाला हेच शिकवलं होतं. आणि मी, याच मातीतला माणूस, गावोगाव लोकांना घरात नेऊन, दार लोटून, 'मरावंसं वाटतं का' विचारत होतो आणि ते नाही म्हणाले की शून्य लिहीत होतो. पुण्याच्या लोकांनी वेळापत्रक चुकवलं म्हणून मी त्यांना हसलो होतो. त्यांना माहीत नव्हतं म्हणून ते चुकले. मला माहीत होतं.

घरी येऊन मी फॉर्मांच्या नकला काढून बसलो. नवव्या रकान्यात खालपर्यंत शून्यं. त्यात गयाबाईचं शून्य दिसलं आणि नारायणगड आठवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पुढच्या फेरीपासून सगळ्यांनी नववा प्रश्न घराबाहेर विचारायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कुणाची काळजी वाटते का? नाव सांगा, तारखेआधी जाऊन या. मी परवानगी काढते."

मी म्हटलं, नाही, तसं कुणी नाही.

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी अजून चघळतो. का म्हणालो असेन? सगळ्या मुलाखतकारांत माझे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ होते, बैठकीत ते नमुना म्हणून दाखवायचे. गयाबाईचा फॉर्म तर त्यांतही स्वच्छ. तिचं नाव घेतलं की माझी शून्यं खोटी ठरणार होती. मी मनाला सांगितलं, नक्की कुठं माहीत आहे, महिन्याभराने तारीख आहेच, तेव्हा बघू. भाकऱ्यांची वाहवा झाली होती ना, मग माणूस स्वतःला फार शहाणा समजायला लागतो.

तो महिना मला सरता सरेना. जेवताना, अंघोळ करताना ती वस्ती डोळ्यांपुढे यायची. बायकोने, मालनने, दोनदा विचारलं, काय झालंय? घरात सांगण्यासारखं नव्हतं.

तारखेच्या दिवशी सकाळीच पोचलो. लांबून चार शेळ्या दिसल्या तशी मी पावलं उचलली. गयाबाई होती. वाळली होती, केस विंचरलेले नव्हते, पण होती. नेहमीप्रमाणे आत सतरंजी टाकायला लागली. मी म्हटलं, मावशी, आज बाहेर बसू, लिंबाखाली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आतून बाज ओढत आणली.

आठ प्रश्न झाले. नववा विचारला. ती घराकडे बघत बसली. मग म्हणाली, "आता खरं सांगू का, दादा? रोज येतं. शेळ्या सोडल्या की येतं, बांधल्या की येतं. अख्खी धरा."

"कधीपासून?"

"पयल्यापास्न. तुमी यायच्या आदीपास्न."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती मला समजावायच्या सुरात म्हणाली, "घरात कसं बोलावं? लेकराचं घर हाय. माझं काय, मी पिकलं पान. पर घराला लागलं म्हंजी?"

म्हणजे ही बाई वर्षाच्या वर मरणाचा विचार करत होती आणि तो घराला लागू नये म्हणून जपत होती. मी तिच्या समोर बसून चहा पीत होतो. लाल फॉर्म भरला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आजच अंबाजोगाईला दाखवा. पण दाखवणार कोण? लेक कारखान्यावर, वस्तीवर उरलेले सगळे तिच्याच वयाचे. मुलाखतकाराने रुग्णाला सोबत करायची नाही असा नियम होता. शेळ्या शेजारच्या म्हातारीला दिल्या आणि मी गयाबाईला घेऊन एसटीत बसलो. दोन गाड्या बदलाव्या लागल्या. सबंध रस्ता ती खिडकीतून बघत होती. एकदाच बोलली, "लई दिसानं बाहीर पडले." सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना मी आधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःची खुर्ची व्हरांड्यात नेली आणि तिथे बसून तिला तपासलं. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं, याचं वाईट वाटतं.

औषध लागू पडलं. महिन्याच्या गोळ्या न्यायला पुढे, उन्हाळ्यात कारखान्यावरून परतल्यावर, लेक यायला लागला. शेवटच्या भेटीला श्रावणात गेलो तर बाज लिंबाखाली आधीच टाकलेली होती. गयाबाईने केस विंचरले होते. नवव्याला तिने चतकोर उचलली, जरा विचार केला आणि तीही परत ठेवली. नियम मोडला म्हणून तिचा फॉर्म मोजणीतून काढला होता. अभ्यास पुरा झाला, त्याचे निष्कर्ष छापून आले, मला एक प्रत मिळाली. बोलण्याने फरक पडतो, असं त्यात होतं. त्या आकड्यांत गयाबाई नाही.

निघताना तिने विचारलं, "पुन्ना कधी येणार, दादा?"

सांगायला तारीख नव्हती. प्रकल्प संपला होता. तसं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "येतो की, दिवाळीनंतर."

गेलो नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. आधी निवृत्तीचे कागद, मग मालनचं आजारपण, मग मालन गेली. माणसाला सबबी शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुढच्या वर्षी वैशाखात एका लग्नाला त्या बाजूला गेलो तेव्हा वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. लेक घरी होता. म्हणाला, आई पुसाच्या महिन्यात गेली, तापाचं निमित्त झालं. शेजाऱ्यांनी फोन केला, पण कारखान्यावरून येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. लिंबाखाली बाज तशीच होती. मी तिच्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"ती तुमच्यासाटी टाकायची," तो म्हणाला. "दिवाळी झाल्यापास्न रोज बाहीर काढायची, शेजारी सांगायचे. मी फोनवर म्हनायचो, आये, कशाला? तर म्हनायची, सायेब घरात बसत न्हाईत."

त्या बाजेवर मला बसवेना. उभ्यानेच पाणी प्यालो आणि निघालो. गाडी चालवताना रडलो. साठीला टेकलेल्या माणसाने फटफटीवर रडू नये, समोरचं दिसत नाही.

आता मी बीडजवळच्या पालीला राहतो. धरण जवळ आहे, सकाळी भिंतीपर्यंत चालून येतो. मुलगा पुण्याला आहे, रविवारी फोन करतो. काय चाललंय विचारतो, मी मजेत म्हणतो. मालनने हौसेने बांधून घेतलेलं घर आहे. दोन खोल्या उघडाव्या लागत नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या आशा सेविका आल्या. सुमनताई, पन्नाशीच्या, पायाला भिंगरी. मोबाइलवर सगळ्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरत होत्या. बीपी, साखर, तंबाखू. शेवटी आमच्या नऊपैकी दोन प्रश्न निघाले. जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं झालं. कशात रस वाटेनासा झालाय का? नाही. उदास वाटतं का? नाही. त्यांनी बोटाने दोनदा टिचकी मारली आणि उठल्या. अजून बरीच घरं राहिली होती.

त्यांचं बोट त्या मोबाइलवर पडलं तेव्हा मला कळलं की मी गयाबाईचं उत्तर दिलं आहे. भिंतीवर मालनचा फोटो होता. हे तिचं घर. यात मी दुसरं काय बोलणार होतो?

म्हटलं, ताई, जरा बाहेर ओट्यावर बसता का? त्या बसल्या. म्हटलं, आमच्या वेळी एक नववा प्रश्नही असायचा. तुमच्या फॉर्मात नाही, पण विचारा. त्यांना प्रश्न सांगितला. त्यांनी तो मी सांगितला तसा विचारला नाही, छापील बोलणं त्यांच्या तोंडी बसतच नाही. जरा पुढे वाकून म्हणाल्या, "काका, आता नगं जगायला, आसं होतं का वो तुमाला?"

मी म्हटलं, "चतकोर."

त्यांना कळलं नाही. मग भाकरीचं सगळं समजावून सांगितलं, हमीदभाईचं सांगितलं, बाजेचंही सांगितलं. कधी नव्हे इतकं बोललो. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला होता. राहिलेल्या घरांचं नाव काढलं नाही. मुलाला माहीत आहे का, विचारलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलते म्हणाल्या, आणि मुलाचा नंबर मागून घेतला. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा त्या उठल्या, चपला घातल्या, फाटकापाशी गेल्या. आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पुन्हा कधी येणार?"

त्या वळल्या. मी तारखेची वाट बघत होतो.

"उद्याच येते, काका," त्या म्हणाल्या. "फॉर्म आणत न्हाई."